बहिणींचं गुपित एवढंच असतं का?

दिवाळीच्या सुट्टीत माझी भाची लातूरहून आली, ती बॅगेत ‘नीट’च्या नोट्सखाली एक इंग्रजी कादंबरी लपवून. दादाला, म्हणजे तिच्या बाबांना, दिसू नये म्हणून तिने ती गुपचूप माझ्याकडे दिली. ‘‘आत्या, तूच ठेव. आणि वाच पण. रहस्यकथा आहे, बहिणींची. तुला आवडेल.’’

आता बहिणींची गोष्ट म्हटलं की मी विरघळते आणि रहस्यकथा म्हटलं की जेवायचं विसरते. दोन्ही एकाच पुस्तकात म्हणजे दुधात साखरच की! रात्री भांडी आवरली, डिक्शनरी शेजारी घेतली आणि बसले. इंग्रजी मी हळूच वाचते, त्यामुळे पाच रात्री लागल्या. सहाव्या दिवशी सकाळी पुस्तक तिच्या हातात ठेवलं आणि म्हटलं, ‘‘बाई गं, फसवलंस!’’

का फसले ते सांगते. अगदी शेवट फोडणार नाही, पण थोडं कथानक सांगावंच लागेल.

पुस्तकाचं नाव ‘फॅमिली ऑफ लायर्स’. ई. लॉकहार्ट या अमेरिकन लेखिकेचं, २०२२ साली आलेलं. तिची त्याआधीची ‘वुई वेअर लायर्स’ ही कादंबरी २०१४ साली आली आणि कॉलेजच्या पोरापोरींमध्ये जगभर गाजली. २०२५ मध्ये तिच्यावर वेबसिरीज निघाली. ती सिरीज भाचीच्या हॉस्टेलमधल्या पोरींनी एकाच मोबाइलवर डोक्याला डोकी लावून बघितली. मग आधी पहिलं पुस्तक आलं, पाठोपाठ दुसरं.

पहिलं पुस्तक मी मागच्या सुट्टीत वाचलं होतं आणि ते मला फार आवडलं होतं. सिंक्लेअर नावाचं एक गडगंज श्रीमंत घराणं. मॅसॅच्युसेट्सच्या किनाऱ्याजवळ त्यांचं स्वतःच्या मालकीचं बेट. आजोबा हॅरिस आणि त्यांच्या तीन मुली : कॅरी, पेनी आणि बेस. तिघींना बेटावर एकेक घर बांधून दिलेलं. वरून बघावं तर सगळं चकचकीत. पण आजी गेल्यावर या तिघी वडिलांच्या मोठ्या घरावरून, पैशांवरून, आईच्या मागे राहिलेल्या वस्तूंवरून एकमेकींचं तोंड बघेनाशा होतात. आपापल्या लेकरांना सांगतात, जा, आजोबांशी गोड बोल. आजोबाही तिघींना खेळवत ठेवतात. ते वाचताना मी पुस्तक मिटून म्हटलं होतं, अगंबाई, हे तर आमच्या कळंब तालुक्यातलंच चाललंय! समुद्राऐवजी मांजरा नदी आणि बेटाऐवजी सोयाबीनचं रान, एवढाच काय तो फरक.

त्यात गंमत म्हणजे गॅट नावाचा एक भारतीय वंशाचा मुलगा आहे, त्याचं आडनाव पाटील! आपल्याकडे हे आडनाव असलं की माणूस गावात छाती काढून चालतो. तिथे मात्र तोच परका ठरतो, आजोबांच्या डोळ्यांत सलतो. कोण आतला आणि कोण बाहेरचा, हे जमीन कुणाच्या नावावर आहे त्यावर ठरतं, हे त्या लेखिकेने फार नेमकं पकडलं होतं.

म्हणूनच दुसऱ्या पुस्तकाकडून माझ्या फार अपेक्षा होत्या. हे पुस्तक त्याच तीन बहिणींच्या तरुणपणाचं, १९८७ च्या उन्हाळ्यातलं. गोष्ट सांगते थोरली कॅरी. तेव्हा ती सतरा वर्षांची. खरं तर बहिणी चार. सगळ्यात धाकटी रोझमेरी दहा वर्षांची असताना आदल्या उन्हाळ्यात समुद्रात बुडून गेली. घरात तिचं नाव कुणी काढत नाही. आईवडील पाहुणे बोलावतात, खेळ ठेवतात, जणू काही झालंच नाही. आणि ती गेलेली पोर रात्री थोरलीच्या खोलीत येऊन बसते. शिवाय आईच्या एका जुन्या फोटोत एका माणसाचा चेहरा खरवडलेला सापडतो. कुणी खरवडला? का?

सांगा, याहून चांगली सुरुवात कुठली हवी? माझ्या अंगावर काटा आला होता. गेलेल्या लेकराबद्दल न बोलणारं घर आपण सगळ्यांनी पाहिलेलं आहे. माझ्या माहितीत अशी घरं आहेत, की जिथे एका मुलीचा फोटो भिंतीवर नाही आणि का नाही, हे विचारायची सोयही नाही.

पण मग बेटावर तीन पोरं सुट्टीला येतात. त्यातल्या एकावर थोरलीचा जीव जडतो. तो मधलीकडे बघतो. झालं! इथून पुढे गुन्हा, लपवाछपवी, खोटं बोलणं, सगळं त्या एका पोराभोवती फिरायला लागतं. रोझमेरी मागे पडते. खरवडलेल्या फोटोचा उलगडा होतो, पण घाईघाईत. मधली आणि धाकटी या स्वतः कोण आहेत, त्यांना काय हवंय, हे तर पुस्तक विचारतच नाही. आणि रहस्यकथा म्हणून बघायला गेलं, तर पहिलं पुस्तक वाचलेल्या वाचकाला ठाऊकच असतं, की इथे गोष्ट सांगणाऱ्यावर विश्वास ठेवायचा नसतो. त्यामुळे शेवटी पडदा उघडतो तेव्हा आपण मागे काय आहे ते आधीच ओळखून बसलेलो असतो.

रागाचं माझं कारण मात्र वेगळं आहे. दोन बहिणी म्हटलं की मध्ये एक पुरुष आणून ठेवायचा, ही खोड कधी जाणार? आपल्या सिनेमांत तेच, सिरियलींत तेच. थोरलीचा होणारा नवरा धाकटीवर भाळतो, की एपिसोड दोनशेच्या पुढे! बहिणींमध्ये दुसरं काही घडतच नाही का?

माझ्या लहानपणी रहस्यकथा म्हणजे पोरांचंच राज्य. भा. रा. भागवतांचा फुरसुंगीचा बनेश फेणे सायकलवर टांग टाकून चोरांच्या मागे धावायचा. मी आणि अक्का वाचनालयातून पुस्तक आणायचो आणि एकच पुस्तक दोघी मिळून वाचायचो, ती डावं पान, मी उजवं. आम्ही पण ठरवलं होतं, की आपण गुप्तहेर व्हायचं. सायकल नव्हती, एवढीच अडचण! त्यामुळे आज पोरींच्या हातात पोरींच्या रहस्यकथा आहेत, याचा मला आनंदच आहे. त्यात मुली नुसत्या पळवल्या जात नाहीत, गोष्टीच्या मध्यभागी असतात. पण मध्यभागी आणून त्यांना भांडायला लावायचं ते कशावरून?

या बाबतीत सव्वाशे वर्षांपूर्वीचा शेरलॉक होम्स बरा, असं म्हणायची वेळ आली. आर्थर कॉनन डॉईलची ‘द स्पेकल्ड बँड’ ही कथा १८९२ सालची. तीही दोन बहिणींची. हेलन आणि ज्युलिया या जुळ्या, सावत्र बापाच्या घरात राहणाऱ्या. ज्युलियाचं लग्न ठरतं आणि लग्नाला पंधरा दिवस असताना ती रात्री आपल्या खोलीत अचानक मरते. दोन वर्षांनी हेलनचं लग्न ठरतं आणि बाप तिला नेमकं त्याच खोलीत झोपायला लावतो. घाबरलेली हेलन पहाटे होम्सच्या दारात येते. आता होम्स खोली बघतो, खिडकी बघतो, ते नंतर. त्याआधी तो कुठे जातो माहिती आहे? मेलेल्या आईचं मृत्युपत्र बघायला! त्यात असतं, की मुलीचं लग्न झालं की आईच्या मालमत्तेच्या उत्पन्नातून तिला दरवर्षी २५० पौंड द्यायचे. दोन्ही मुली लग्न करून गेल्या, तर बापाच्या हातात काय उरणार? झाला की उलगडा!

कागद बघा, म्हणजे घर कळेल. होम्सला कळलेलं हे साधं शहाणपण, बहिणींवर अख्खी कादंबरी लिहिणारीने पहिल्या पुस्तकात वापरलं आणि दुसऱ्यात गुंडाळून ठेवलं, याची मला हळहळ वाटली.

आता मी माझ्या घरातली रहस्यकथा सांगते. अक्काला विचारून लिहितेय.

आम्ही तिघं. अक्का थोरली, मग दादा, मग मी. अक्का हुशार होती, पण दहावीनंतर तिला घरी बसवलं आणि मे १९९४ मध्ये तिचं लग्न झालं. मला मात्र डी.एड. करू दिलं. माझं लग्न १९९९ सालचं. २०१२ मध्ये आमचे वडील गेले. वर्षश्राद्ध झालं आणि दादाने निरोप पाठवला, की रजिस्ट्री ऑफिसला यायचंय, हक्कसोडपत्र करायचंय.

हक्कसोडपत्र म्हणजे काय, हे गावाकडच्या बाईला सांगायला नको. वडील गेल्यावर सातबाऱ्यावर सगळ्या वारसांची नावं लागतात, बहिणींचीही. मग बहिणींनी ‘आम्हाला काही नको’ असं नोंदणी करून लिहून दिलं, की फेरफार होऊन त्यांची नावं निघतात. बदल्यात एक साडी, खणानारळाची ओटी आणि दुपारचं जेवण!

मी त्या दिवशी मनात ठरवून गेले होते, की अक्काशी बोलायचं. आपण दोघींनी मिळून निदान विचारू तरी, असं. पण अक्काने माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. लेखनिकाने कागद पुढे केला, तिने सही केली, अंगठा दिला आणि पेन माझ्या हातात ठेवलं. थोरलीने सोडलं, आता धाकटी अडून बसली तर लोक काय म्हणतील? मी सही केली. घरी येऊन रात्रभर रडले. जमिनीसाठी नाही हो. माझ्या बहिणीने मला एका शब्दाने विचारलं नाही, यासाठी.

तीन वर्षं मी तिच्याशी कामापुरतं बोलले. तिला वाटायचं मी नोकरीमुळे शिष्ट झाले. मला वाटायचं तिला भाऊच प्यारा. मग एका चैत्रात आम्ही दोघी येरमाळ्याला येडेश्वरीच्या यात्रेला गेलो. चुनखडी वेचून झाल्यावर आमराईत बसलो होतो, दशम्या सोडल्या होत्या. माझ्या तोंडून निघून गेलं, ‘‘अक्का, त्या दिवशी सही का केलीस गं?’’

ती बराच वेळ गप्प. मग म्हणाली, ‘‘आगं येडे, तुझ्या दाजींनी आधीच गिऱ्हाईक बघून ठेवलं व्हतं. डोक्यावर कर्ज. सातबाऱ्यावर माझं नाव ऱ्हायलं असतं, तर सहा महिन्यांत रान दुसऱ्याच्या घशात गेलं असतं. दादाकडं हाय, तर जाग्यावर तरी हाय. आन उद्या माझ्यावर वाईट दिस आले, तर यायला एक दार ऱ्हायलं.’’

‘‘मग मला का नाही सांगितलंस?’’

‘‘सांगितलं असतं, तर तू सही केली नसतीस. आन तू केली नसतीस, तर ह्यांनी मला म्हणलं असतं, बघ, धाकटीला अक्कल हाय, तुला न्हाई.’’

मैत्रिणींनो, ही माझ्या आयुष्यातली सगळ्यात मोठी रहस्यकथा! गुन्हेगार कोण, सांगा बरं? माझ्या हिश्शाचा निर्णय अक्काने घेतला होता आणि तोही माझ्या भल्यासाठी नाही, तिच्या गरजेपोटी. मला राग आला. त्याच वेळी असंही वाटलं, की रजिस्ट्री ऑफिसात ती माझ्याकडे का बघत नव्हती, ते आत्ता कळलं. बघितलं असतं, तर तिच्याच्याने सही झाली नसती. दोन्ही खरं होतं. दाजींना जाऊन आता चार वर्षं झाली. अक्कासाठी दादाचं दार उघडं आहे, हेही खरं. पण ती येते पाहुणी म्हणूनच, दोन साड्यांची पिशवी घेऊन.

आपल्या श्रावणातल्या शुक्रवारच्या कहाणीत हेच तर आहे. श्रीमंत भाऊ गावजेवण घालतो, गरीब बहीण पोरांना घेऊन जाते, तर तो तिला पंगतीतून उठवतो. पुढे तिला बरे दिवस आल्यावर तोच मानाने जेवायला बोलावतो, तेव्हा ती पानातलं अन्न आपल्या दागिन्यांपुढे मांडते. लहानपणी आम्हाला वाटायचं, कशी जिरवली! आज वाटतं, तिने हिस्सा मागितलाच नव्हता. तिला फक्त भावाच्या घरी पानावर जागा हवी होती. ती जागा सांभाळायला आजही बायका सही करून मोकळ्या होतात.

आणि कायदा? तोही एखाद्या रहस्यकथेसारखाच. महाराष्ट्राने २२ जून १९९४ पासून मुलीला वडिलोपार्जित मालमत्तेत मुलाच्या बरोबरीने जन्मतः हक्क दिला. पण अट अशी, की त्या तारखेआधी लग्न झालेल्या मुलीला तो नाही. अक्काचं लग्न मे महिन्यातलं! एका आईच्या पोटच्या दोघी, पण एक महिना आधी बोहल्यावर चढली म्हणून थोरलीचा हक्क धाकटीपेक्षा कमी. पुढे ९ सप्टेंबर २००५ पासून केंद्राच्या दुरुस्तीने लग्नाच्या तारखेचा हा भेद संपवला. ११ ऑगस्ट २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने विनीता शर्मा खटल्यात सांगितलं, की मुलीचा हा हक्क जन्मानेच आहे, त्यासाठी २००५ साली वडील हयात असण्याची गरज नाही. म्हणजे त्या कागदापुढे बसलो, तेव्हा आम्ही दोघी बरोबरीच्या होतो. आम्हाला ते माहीत नव्हतं, आणि माहीत करून घ्यायला आम्ही दोघी एकत्र बसलो नव्हतो.

हे सगळं मी भाचीला सांगितलं. तिने ‘फॅमिली ऑफ लायर्स’ मांडीवर ठेवून ऐकलं. मग एकदम म्हणाली, ‘‘आत्या, पण बाबांना तर आम्ही दोघीच. म्हणजे मोठ्या आत्याची आणि तुझी जमीन शेवटी आम्हा दोघी बहिणींकडेच येणार?’’

मी चमकलेच. इतक्या वर्षांत हे माझ्या लक्षात आलं नव्हतं! दादाला मुलगा नाही. आम्ही दोन बहिणींनी सोडलेलं रान उद्या या दोन बहिणींच्या नावावर लागणार. आणि तेव्हा यांच्या सासरीही एखादे दाजी गिऱ्हाईक बघून ठेवणार नाहीत कशावरून?

म्हटलं, ‘‘हो. आणि ती गोष्ट कशी लिहायची, ते तुमच्या दोघींच्या हातात आहे.’’

म्हणून तुम्हालाही एकच सांगणं. हक्कसोडपत्रावर सही करा नाहीतर करू नका, तो ज्याच्या त्याच्या घरचा प्रश्न. कुणाचा भाऊ अडचणीत असतो, कुणाची आई भावाकडे असते. मी कोण सांगणार? पण नोंदणी झालेला कागद मागे फिरवणं सोपं नसतं. त्यामुळे रजिस्ट्री ऑफिसच्या आदल्या रात्री बहिणी-बहिणी एकत्र बसा. भाऊ नको, दाजी नकोत. चहा ठेवा आणि एकमेकींना खरं खरं विचारा : तुला काय हवंय? तुला कशाची भीती आहे? तेवढी एक रात्र आम्हाला मिळाली असती, तर सही कदाचित तीच झाली असती. पण अबोल्याची ती तीन वर्षं वाचली असती.

आणि लेखिका मैत्रिणींनो, तुमच्यापैकी कुणी पोरींसाठी रहस्यकथा लिहीत असाल, तर बहिणींमध्ये तो सुट्टीतला देखणा पोरगा आणू नका बाई. एक सातबारा ठेवा, एक खरवडलेला फोटो ठेवा, एक न विचारलेला प्रश्न ठेवा. पोरी वाचतील. माझी भाची तर ‘नीट’चा अभ्यास सोडून वाचेल!

दादा, हे वाचत असशील तर तिला रागावू नकोस. पुस्तक माझ्याकडे आहे. आता ते अक्काला मराठीत सांगायचंय. तिने आत्ताच फोनवर विचारलं, ‘‘त्या धाकट्या पोरीचं काय झालं मग? जी बुडाली?’’

तिला बरोबर तोच प्रश्न पडला.